दुसऱ्या ओळीतला थांबा

१ फेब्रुवारी, रविवार

उपासना संपल्यावर रूथबाईंनी दारातच गाठलं. चर्चचा क्वायर त्याच चालवतात, पेटीही त्याच वाजवतात. म्हणाल्या, "सुमन, गुड फ्रायडेला पाचव्या उद्गाराचं गीत तुझ्या प्रभाकरच्याच चालीवर घ्यायचं ठरलंय. ती चाल पूर्ण तुझ्याशिवाय कोणाला येत नाही. तू सांगायची."

मी म्हटलं, मला गाता येत नाही.

"गायला कोण सांगतंय? तू फक्त चाल सांग."

बरं म्हटलं. एसटीत बसल्यावर लक्षात आलं की चाल गायल्याशिवाय सांगता येत नाही.

हे जाऊन आज अकरा आठवडे.

३ फेब्रु.

शाळेत दहावीची हॉल तिकिटं वाटली. दिवसभर डोक्यात चाल. डोक्यात अगदी व्यवस्थित आहे. फक्त पेटीबरोबर नाही, मोटारसायकलच्या आवाजाबरोबर. ती तिथेच तयार झाली. दर रविवारी शिक्रापूर ते शिरूर, हे पुढे, मी मागे. गीत जुन्या पुस्तकातलं. पुस्तकात शब्द तेवढे आहेत, मूळची चाल म्हाताऱ्या माणसांनाही आठवत नाही. पाच वर्षांपूर्वी यांनी शब्दांवर स्वतःच चाल धरली. चौक ओलांडून रस्ता मोकळा झाला की सुरू. हेल्मेटमुळे तोंडाचं नीट ऐकू येत नसे. मी पाठीला कान लावायची.

संध्याकाळी भांडी घासताना म्हणून पाहिलं. भिंतीपलीकडून भाडेकरूबाईंनी विचारलं, "भाभी, तबियत ठीक है ना?"

ठीक है म्हटलं. बंद केलं.

८ फेब्रु., रवि.

रेकॉर्डिंग कोणाकडे आहे का, म्हणून उपासनेनंतर विचारलं. नाही. असणार नव्हतंच. गुड फ्रायडेला बारा ते तीन येशूचे क्रुसावरचे सात उद्गार होतात, प्रत्येकावर प्रवचन आणि एक गीत, आणि आत जाताना सगळ्यांचे मोबाईल दाराजवळच्या टोपलीत. पाळकसाहेबांचा नियम. पाचव्या उद्गाराला, 'मला तहान लागली आहे' या तहानेच्या, हे एकटे उभे राहायचे. पाच वर्षं. वर्षातून एकदाच. बाकी कधी म्हटलं नाही. कोणी आग्रह केला तर म्हणायचे, ते त्या दिवसाचं आहे.

सुरुवात सगळ्यांना आठवते. शेवटही. मधलं प्रत्येकाचं वेगळं.

तिसऱ्या बाकावरच्या एस्तेरआजी म्हणाल्या, "मला हाय ठावं." नव्वदीच्या आहेत, डोळे गेलेत. यांना संडे स्कूलमध्ये त्यांनीच शिकवलेलं. रू.बाई हसून पुढे गेल्या. आजींना सगळंच ठाऊक असतं, असं सगळे म्हणतात.

१२ फेब्रु.

दौंडहून अण्णाचा फोन. माझा थोरला भाऊ, रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झालेला. त्याला सांगितलं. म्हणाला, "तू आन् गाणार? लग्नात उखाणा घ्यायला अर्धा तास लावलास. जेवण थंड झालं व्हतं लोकांचं."

मग म्हणाला, "घे पण. दुसरं कोण हाय त्याचं."

२२ फेब्रु., रवि.

लेंट, ईस्टरआधीचा उपवासकाळ, सुरू झाला. या दिवसांत प्रॅक्टिसच्या आधी एकेकाने साक्ष द्यायची, ही रू.बाईंची पद्धत. एरवी विश्वासाची साक्ष असते. आज म्हणाल्या, आवाजाची द्या. कोणाकडून मिळाला आणि पुढे उभं राहिल्यावर कशाची भीती वाटते.

शांतवनमामा आधी उठले. दवाखान्यात कंपाउंडर होते, क्वायरमध्ये सगळ्यात खालचा आवाज. "माझा आवाज आईचा. ती शेतातनं हाक मारायची ती नदीपल्याड ऐकू जायची. मला बी तसाच. तवाच्या पाळकसाहेबांनी सांगितलं, शांतवन, तू जरा खाली गा. तवापास्नं खालीच हाय." भीतीचं विचारल्यावर म्हणाले, "एका नाताळला गाणं संपलं तरी म्या पुढचं कडवं एकट्यानंच धरलं. आख्खं. कुणी थांबवंना. आता दुसऱ्याचं तोंड हललं की मंगच माझं."

प्रिया म्हणाली, "म्हणून मामा तुम्ही कायम अर्धा शब्द मागं असता."

"मागं असतो. एकटा नसतो."

रू.बाईंनी सांगितलं, तरुणपणी एकदा घाबरून पेटी दोन पट्ट्या वर लावली. अख्खं चर्च टाचा उंच करून गात होतं. शेवटच्या ओळीला फक्त खोकला.

प्रिया नर्स आहे, शिरूरलाच. यंदा यांच्या जागी तीच एकटी गाणार. तिचे हात गार पडतात. मग ती समजते की समोरचे बाक म्हणजे वॉर्ड. पेशंटला भ्यायचं नसतं. मामांनी विचारलं, आन् पाळकसाहेब? "ते राउंडवरचे डॉक्टर. त्यांच्याकडं बघायचंच नाही."

आवाज कोणाकडून, तर म्हणाली, "प्रभाकरदादांकडून. मी कायम त्यांच्या मागच्या ओळीत. श्वास कुठं घेणार ते मानेवरून कळायचं."

ते ऐकून मला कसंतरी झालं. तीही मागूनच शिकली.

माझी पाळी आल्यावर म्हटलं, मला कोणाकडूनच मिळालेला नाही, मी उपासनेत ओठ हलवते. सगळे हसले. विनोद वाटला त्यांना.

२६ फेब्रु.

रविवारी सांगायची आहे. जेवण जात नाही. पुस्तक समोर घेऊन बसते. पहिली ओळ येते. दुसरी ओळ कानात येते, घशात येत नाही.

हे म्हणायचे, घसा शेवटी येतो, आधी पोटातला दम. पोटाचं मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. घरात आम्ही दोघंच, इतकी वर्षं, आणि

१ मार्च, रवि.

सांगितली.

आधी जमेना. सगळे समोर बसलेले, माझ्या तोंडाकडे बघतायत. रू.बाईंनी तीन वेळा सूर दिला. मग म्हणाल्या, "सुमन, आमच्याकडे पाठ कर. खिडकीकडे बघून म्हण."

खिडकीतून कंपाउंड आणि कडुनिंब. डोळे मिटले. रस्ता धरला. शिक्रापूर सोडलं, कोंढापुरी आली, पहिली ओळ सरळ खाली उतरली. रांजणगाव गेलं. कारेगावच्या अलीकडे दुसरी ओळ, अर्ध्यात थांबली, थांबली, आणि मग एकदम वर चढली. तशी म्हटली. आवाज फाटका होता पण जायचा तिथे गेला.

वळून पाहिलं तर शांतवनमामा चष्मा पुसत होते. "काय जागा सोडलीया दादानं."

रू.बाई म्हणाल्या, "तहानेच्या शब्दाच्या बरोब्बर आधी थांबलाय बघा. घसा कोरडा पडल्यासारखा. हे आपल्या कसं लक्षात आलं नाही इतकी वर्षं?"

प्रियाने मोबाईलवर घेतलं होतं. मी निघेपर्यंत ग्रुपवर टाकलंसुद्धा.

एसटीत उभी राहून आले. थकले नाही. नोव्हेंबरनंतर आज पहिल्यांदा दोन चपात्या खाल्ल्या.

४ मार्च

ग्रुपवर सगळे ते ऐकतायत. मी नाही ऐकलं. माझा आवाज मला ऐकवत नाही.

८ मार्च, रवि.

क्वायरला चाल बसली. प्रियाचा आवाज त्या थांब्यानंतर असा वर जातो की मीही ऐकत राहिले. रू.बाईंनी वहीत सारेगम लिहून घेतलं. थांब्याच्या जागी चौकोन काढला आणि आत लिहिलं, चार मोजणे.

पाळकसाहेब ऐकायला आले होते. म्हणाले, पाचव्या उद्गाराचं प्रवचन मी त्या शांततेवरच करतो. मला म्हणाले, "वहिनी, ही मोठी ठेव तुम्ही मंडळीला दिलीत."

मी मान हलवली.

१४ मार्च, शनि.

अण्णा आला, चौफुल्यावरून न्हावऱ्यामार्गे. यांची गाडी चार महिने कव्हरखाली. म्हणाला, पडून खराब होईल, उद्या तुला हिच्यावरच चर्चला नेतो. बॅटरी उतरलेली. किक मारून मारून त्याला घाम. "जावईबापूंची गाडी, माझ्यावर रुसलीया."

शेवटी सुरू झाली. तो आवाज ऐकून मी आत गेले.

१५ मार्च, रवि.

लिहिते, म्हणजे नीट कळेल.

अण्णाच्या मागे बसले. अण्णा चौकापर्यंत बोलत होता. म्हटलं, जरा गप्प बस, मला चाल म्हणून बघायची आहे. म्हणाला, "मी गप बसलो तर तुला वाटंल झोपलो." तरी बसला गप्प.

चौक सोडल्यावर मनात सुरू केली. गाडी तीच, सीट तीच, वेग साधारण तेवढाच. यांच्याबरोबर यायची तशीच येत गेली. कोंढापुरीला पहिली ओळ. कारेगावच्या अलीकडे दुसरी सुरू झाली आणि अर्ध्यावर अण्णाने गाडी हळू केली. स्पीडब्रेकर. एक, लगेच दुसरा. मग गिअर टाकून गाडी पळवली, बाजूने एक ट्रेलर गेला, त्याच्या आवाजावर अण्णा मला ओरडून काहीतरी सांगायला लागला.

तिथेच.

तिथेच हे थांबायचे. ब्रेकरला गाणं थांबायचं, गाडी उतरली की पुढचा शब्द. आणि कंपनीच्या ट्रकांची ती वाट, म्हणून आवाज चढवायचे. नाहीतर त्यांचं त्यांनाच ऐकू गेलं नसतं.

मी अण्णाला गाडी बाजूला घ्यायला सांगितली. सांगितलं सगळं. आधी हसला. "म्हंजी तुमचं चर्च बरेकर गातंय व्हय?" मग माझ्याकडे बघितलं आणि हसायचा थांबला.

"त्या पाळकास्नी सांगू नगंस," म्हणाला.

प्रॅक्टिसला बसले. प्रियाने थांबा घेतला. चार मोजले. सगळ्यांचे डोळे मिटलेले.

१६ मार्च

ब्रेकर पाच वर्षांपूर्वी तिथे होता का? होता. मी एकदा उडाले होते, हे म्हणाले होते, धरून बस की.

१८ मार्च

रू.बाईंना फोन केला. दोनदा लावून कट केला, तिसऱ्यांदा बोलले. ऐकून घेतलं त्यांनी. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मग चर्चमध्ये तो थांब्याशिवाय कसं म्हणायचा, तेवढं सांग. तसं करू."

तेवढंच मला माहीत नाही.

फोनवर सांगता आलं नाही ते इथे लिहिते. हे चर्चमध्ये उभे राहिले की मी ऐकतच नसे. त्यांना भीती वाटायची नाही, मला वाटायची. शब्द विसरतील, आवाज फाटेल, कोणी हसेल. मी समोरच्या खिडकीच्या काचा मोजायची. आठ उभ्या, चार आडव्या. बत्तीस झाल्या की पुन्हा पहिल्यापासून. संपेपर्यंत. घरी आल्यावर विचारायचे, कसं झालं? मी म्हणायची, छान.

पाचही वर्षं छान.

त्यामुळे माझ्याकडे जी आहे ती रस्त्यावरचीच आहे. चर्चमधली माझ्याकडे नाही.

रू.बाईंना फक्त म्हटलं, आठवून बघते.

२० मार्च

थांबा काढून म्हणून बघितली. मग शब्द खाली न्यावा लागतो, की तसाच पुढे न्यायचा, की थोडा वर? तिन्ही करून बघितलं. तिन्ही बरे वाटतात. यांचं कोणतं ते कळत नाही. जितकं म्हणते तितकं प्रियाचंच कानात येतं. आधी यांची पाठ आठवली की चाल आपोआप यायची. आता पाठ आठवते आणि आवाज प्रियाचा.

भाडेकरूबाई शेवयांची वाटी घेऊन आल्या. "आप गाती हैं, अच्छा लगता है. बच्चा सो जाता है." वाटी घेतली.

२२ मार्च, रवि.

रू.बाईंनी माझ्या शब्दाखातर एकदा न थांबता घेऊन पाहिलं. कारण सांगितलं नाही त्यांनी, एवढं बरं केलं. प्रिया दोनदा चुकली. तिसऱ्यांदा आलं, पण सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

शांतवनमामा म्हणाले, "न्हाई वो. जीवच गेला चालीतला. दादाची न्हाई वाटत ही."

मी म्हटलं, मामा, मला वाटतं ते थांबत नसतील.

"आसं कसं? म्या पाच वरीस मागं हुबा हाय. थांबायचा की. मला चांगलं आठवतंय."

पहिल्या दिवशी त्यांनाच ती जागा नवीन वाटली होती. आता पाच वर्षांची झाली. खोटं बोलत नव्हते. खरंच आठवत होतं त्यांना.

रू.बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले असते तर त्यांनी ऐकलं असतं. पण बोलायला माझ्याकडे दुसरी चाल हवी ना. नुसतं ही नाही, म्हणून कसं चालेल?

थांबा राहिला. गुड फ्रायडेला बारा दिवस.

२९ मार्च, झावळ्यांचा रविवार

पोरांनी झावळ्या घेऊन कंपाउंडला फेरी मारली. प्रॅक्टिस चांगली. प्रियाने तिसऱ्या बाकावर बसा म्हणून सांगितलं. समोर दिसलात की बरं वाटतं म्हणाली. हात तिचे आजच गार.

"वॉर्ड समज," मी म्हटलं.

"वॉर्डात कोणी दादांची रिप्लेसमेंट म्हणून नाही ना येत, वहिनी."

३ एप्रिल, गुड फ्रायडे

टोपलीत मोबाईल ठेवला. तिसऱ्या बाकावर एस्तेरआजींच्या शेजारी बसले. पंखे चालू असून उकाडा. चार उद्गार झाले. पाचव्याला पाळकसाहेब उभे राहिले. एका माणसाने तहानेचा शब्द उच्चारण्याआधी किती शांतता लागते, असं बोलले. आपल्या प्रभाकरदादांनी ती शांतता गीतात ओळखली होती, असंही बोलले. लोक माझ्याकडे वळून बघायला लागले. मी पुस्तकात बघितलं.

प्रिया एकटी पुढे आली. पांढरी साडी. पहिली ओळ फार चांगली गेली. दुसरी अर्ध्यावर आली आणि ती थांबली.

चार मोजले. ती थांबलेलीच. पाच, सहा. मला वाटलं मीच भरभर मोजते आहे. रू.बाईंनी हळूच पुढचा सूर दाबला. पुन्हा दाबला. प्रिया माझ्याकडे बघत होती. हात एकमेकांत घट्ट. तोंड जरासं उघडं, शब्द नाही. लोकांना कळलं नव्हतं. सगळ्यांना ती शांतताच वाटत होती. कडेला शांतवनमामा तिच्या तोंडाकडे टक लावून. तिचं हलल्याशिवाय त्यांचं हलणार नाही.

मी काचांकडे बघितलं नाही. तेवढं केलं.

पुढचा शब्द माझ्या तोंडून आला. बसल्या जागेवरून, मोठ्याने. आणि तो वर चढला, ट्रेलर शेजारून जाताना चढायचा तसाच. खाली न्यावा, सरळ न्यावा, असं काही मनात आलं नाही. माझ्या तोंडात तेवढंच होतं.

प्रियाने तिथून उचललं. शेवटपर्यंत नीट गायली.

नंतर दारात लोक थांबले होते. कोणी हात धरला, कोणी नुसतेच रडले. पोस्टातून रिटायर झालेले ते उंच गृहस्थ म्हणाले, "दादा अगदी असेच थांबायचे. दर वर्षी अंगावर काटा यायचा." अजून दोघं तसंच म्हणाली.

मी म्हटलं, हो.

५ एप्रिल, ईस्टर

पहाटे कबरस्तानात प्रार्थना. यांच्या कबरीवर अजून नुसती माती आणि लाकडी क्रूस. मोगरा ठेवला. सगळे निघाल्यावर प्रिया मागे राहिली.

"वहिनी, सॉरी. विसरले नव्हते मी. शब्द माहीत होता. मला वाटलं, दादा श्वास घेतील, मग मी घेईन. मी वाट बघत राहिले."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिला सांगायचं होतं ते सांगितलं नाही. आत्ताच बिचारीचे हात जरा गरम झालेत.

गेटपाशी एस्तेरआजी नातसुनेचा हात धरून उभ्या होत्या. माझा आवाज ओळखला. म्हणाल्या, "परवा तू म्हणलीस ना मधी? चांगलं म्हणलीस. पर पोरी, प्रभाकर मधी दम घेत नव्हता. एका दमात जायचा."

म्हटलं, आजी, मग दुसरी ओळ कशी जायची?

"घरी ये. हितं थंडी हाय."

८ एप्रिल

रू.बाईंचा फोन. दौंडच्या चर्चच्या क्वायरला ती चाल हवी आहे. अण्णाने तिकडे कौतुक केलेलं दिसतं. रू.बाईंनी प्रियाकडून पुन्हा गाऊन घेतलं आहे, रेकॉर्डिंगबरोबर वहीचं पान पाठवणार, वर यांचं नाव घालून.

"चौकोन ठेवू का काढू, तू सांग. एकदा तिकडे गेली की मग ती तशीच गाणार. पुढेही तशीच जाणार."

मी म्हटलं, रविवारपर्यंत थांबा.

अण्णाला फोन करून विचारलं, तू ब्रेकरचं तिकडे कोणाला सांगितलंस का? म्हणाला, "न्हाई. सांगायला गेलो तर माझ्याच डोळ्यात पाणी आलं आन् लोकास्नी वाटलं मी भक्तीत हाय."

१० एप्रिल

सुरुवातीपासून विचार करते आहे. न थांबता गायचे असं आजींनी सांगितलं, म्हणजे थांबा नव्हता हे नक्की. पण न थांबता पुढचा शब्द कुठे न्यायचे, खाली, सरळ की वर?

ग्रुपवर प्रियाचं नवीन रेकॉर्डिंग. आज ऐकलं. फार सुंदर आहे. हे असते तर पुन्हा लाव म्हणाले असते.

असं मला वाटतं. माहीत नाही.

१२ एप्रिल, रवि.

उपासनेनंतर एस्तेरआजींच्या घरी गेले. खाटेवर बसल्या होत्या, नातसून चहा टाकायला आत. विचारलं, आजी, म्हणून दाखवता का? त्यांनी तोंड उघडलं. पहिला शब्द आला, मग खोकला. पाणी दिलं. पुन्हा प्रयत्न केला. नुसती हवा. म्हणाल्या, "घसा गेला. कानात हाय. तू म्हण, मी सांगते."

दार लोटलं. त्यांना दिसत नाही म्हणून की काय, त्यांच्याकडे पाठ फिरवावी लागली नाही. आधी खाली जाणारी म्हटली, न थांबता. पूर्ण केली.

आजींनी मान डोलावली. "हीच."

बरं वाटलं. किती बरं वाटलं ते लिहिता येत नाही. तेवढ्यावर उठायला हवं होतं. पण खात्री करावी म्हणून दुसरी म्हटली, सरळ जाणारी.

"हीच की गं."

मग चर्चची म्हटली, थांबा घेऊन, वर चढवून.

आजींच्या डोळ्यांतून पाणी. "हीच. त्याचीच हाय."

मी म्हटलं, आजी, तीन वेगवेगळ्या म्हटल्या मी. त्यातली हे चर्चमध्ये म्हणायचे ती कोणती?

"तू म्हणतीस ती," म्हणाल्या, आणि माझा हात शोधून धरला. "अजून एकदा म्हण."

कोणती, ते विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. म्हटली. नातसून चहा घेऊन दारात उभी राहिली होती.

घरी आल्यावर बघितलं, रू.बाईंचा मेसेज. वरून दिसतो तेवढा वाचला. उद्या दौंडला पाठवायचं आहे, चौकोनाचं काय? अजून उघडलेला नाही.